पनामाचं १०० बाल्बोआ, १९७५: एका डायमेकरने मोजून, पारखून दिलेला अभिप्राय

बाल्बोआ हे पनामाचं चलन, आणि हे त्यातलं सोन्याचं नाणं. आधी वजन सांगतो. ८.१६ ग्रॅम. माझ्या काट्यावर तीनदा ठेवलं, तिन्ही वेळा तोच आकडा आला. व्यास व्हर्निअरवर २६ मिलिमीटर, कड दातेरी, कस ९००. म्हणजे हजार भागांत नऊशे भाग सोनं. हिशोब केला तर शुद्ध सोनं ७.३४ ग्रॅम निघतं. या नाण्याबद्दल पुढे जे काही बोलणार आहे ते सगळं या एका आकड्यावर उभं आहे, म्हणून तो सगळ्यात आधी.

मी आयुष्यभर टूलरूममध्ये डाय (धातू दाबून आकार देणारे पोलादी साचे) बनवल्या. नाण्यांच्या नव्हे, प्रेसवर पत्रा दाबून पार्ट काढतात त्यांच्या. पण पोलाद तेच, पॉलिश तेच आणि दोन शतांश मिलिमीटरसाठी रात्र जागवणंही तेच. त्यामुळे नाणं हातात आलं की माझी नजर चित्राआधी ठशाकडे जाते. कडेला धातू पूर्ण भरलाय का, सपाटीवर पॉलिशचे ओरखडे राहिलेत का, अक्षरांचे कोपरे मेलेत का, हे आधी पाहतो. परदेशी संग्राहकांसाठी सरकारं जी सोन्याची स्मारक नाणी काढतात, त्यांतली सात-आठ मी गेल्या काही वर्षांत विकत घेतली आणि त्याहून जास्त मित्रांकडे हाताळली. त्यातलं एक मला मनापासून आवडलं आणि एकाने फसवल्यासारखं केलं. दोन्हींबद्दल लिहितो.

आवडलेलं ते हे. वास्को नुन्येझ दे बाल्बोआ या स्पॅनिश मुलुखशोधकाच्या जन्माला पाचशे वर्षं झाली म्हणून पनामाने १९७५ साली काढलेलं, प्रूफ. एका बाजूला पनामाचं राष्ट्रचिन्ह, दुसऱ्या बाजूला बाल्बोआ. हाच तो माणूस, १५१३ मध्ये दारिएनचं जंगल तुडवत डोंगरावर चढला आणि पलीकडचा अथांग समुद्र ज्याने पाहिला. १५१९ मध्ये त्याच्याच लोकांनी त्याचं डोकं उडवलं. देशाच्या चलनालाच त्याचं नाव आहे.

दहापट भिंगाखाली हे नाणं पाहायला मी दुपारची वेळ निवडतो, खिडकीतून तिरका उजेड येतो तेव्हा. प्रूफ म्हणजे काय हे एका वाक्यात सांगायचं तर सपाटी आरशासारखी आणि उठाव दुधी. डायवर हे दोन टप्प्यांत करावं लागतं. आधी सगळ्या डायला बारीक कण मारून तिची चकाकी मारायची, मग जिथे नाण्याची सपाटी येणार तेवढाच भाग पुन्हा हाताने घासून आरसा करायचा. चेहऱ्याच्या कडेला येऊन थांबायचं. तिथे केसभर पुढे गेलात की गालाची रेघ चकाकते आणि सगळं बिघडतं. या नाण्यावर ती सीमारेषा मी पूर्ण फिरून पाहिली. कुठेही पॉलिश उठावावर चढलेलं नाही. दाढीच्या आतल्या कोपऱ्यांतसुद्धा दुधीपणा टिकून आहे. ज्याने हे घासलं त्याचा हात स्थिर होता आणि त्याला घाई नव्हती. पन्नास वर्षांनंतरही ते कळतं, आणि मला अशा वेळी त्या अनोळखी कारागिराला नमस्कार करावासा वाटतो.

ठोकणीही चांगली. प्रूफला एकापेक्षा जास्त वेळा ठोकतात, धातू डायच्या तळाशी पोचावा म्हणून. इथे अक्षरांच्या माथ्याला कुठेही गोलाई नाही. दातेरी कडेवर नख फिरवलं तर दात सलग लागतात, मध्ये कुठे बसके नाहीत. म्हणजे कॉलर, ठोकताना नाण्याभोवती असतं ते पोलादी कडं, झिजलेली नव्हती.

दोष आहेत. माझ्या नाण्यावर राष्ट्रचिन्हाच्या बाजूला, कडेपाशी एक लालसर ठिपका आहे, टाचणीच्या टोकाएवढा. मिश्र सोन्यात तांबं नीट मिसळलं नसेल तर काही वर्षांनी ते असं वर दिसायला लागतं. हा घाण म्हणून आलेला डाग नाही, तो घासू नये. घासला तर आरशावर ओरखडे उठतात आणि ठिपका तिथेच राहतो. शिवाय सपाटीवर दोन बारीक केसांसारख्या रेघा आहेत. कुणीतरी कधीतरी कापडाने पुसलं असणार. मूळ पाकिटाचं सील फुटलेलं होतं म्हणूनच मला ते धातूच्या भावावर फक्त सहा टक्के देऊन मिळालं. सील असलेल्याला लोक जास्त देतात. मला हातात घेऊन पाहायचं असतं, म्हणून मी फुटलेलंच शोधतो.

घनताही मोजली. बारीक रेशमी धाग्याच्या फासात नाणं अडकवून ते काट्यावर ठेवलेल्या डिस्टिल्ड पाण्याच्या भांड्यात सोडायचं, तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचं नाही. काटा जेवढा वाढतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. इथे ०.४७ ग्रॅम वाढला. ८.१६ भागिले ०.४७, म्हणजे सतराच्या थोडं वर. तांबं मिसळलेल्या नऊशे कसाच्या सोन्याला हेच हवं. पाचशे कस असता तर आकडा बारा ते चौदाच्या दरम्यान आला असता. सील असलेल्या, एकही रेघ नसलेल्या प्रूफवर हा प्रयोग करू नका. माझ्या नाण्यावर आधीच रेघा होत्या म्हणून मी केला, आणि बाहेर काढल्यावर पुसलं नाही. टिपकागदावर अलगद ठेवलं आणि पाणी उडून जाऊ दिलं.

आता हे नाणं बनवलं कुणी, आणि कुणासाठी? नाण्यावर छोटासा एफएम असा टाकसाळीच्या खुणेचा ठसा आहे. ती फ्रँकलिन मिंट. जोसेफ सेगल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सुरू केलेली खासगी टाकसाळ. पनामाच्या सरकारने नाव आणि कायद्याची मान्यता दिली, ठोकली पेनसिल्व्हेनियात, विकली टपालाने, मुख्यतः अमेरिकी घरांत. पनामात रोजच्या व्यवहाराला तेव्हाही अमेरिकी डॉलरच चालायचा आणि आजही चालतो, बाल्बोआची कागदी नोट वापरात नाही. या नाण्याने पनामात कुणी बसचं तिकीट काढलं असेल असं वाटत नाही. ते त्यासाठी नव्हतंच.

वर्ष १९७५ का, यालाही कारण आहे. बाल्बोआची पाचशे वर्षं हा निमित्ताचा भाग. खरी गोष्ट अमेरिकेतल्या कायद्याची. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने तिथल्या लोकांना सोनं बाळगायला बंदी आली. दागिने आणि जुनी, दुर्मीळ नाणी सोडली तर चाळीसएक वर्षं सामान्य माणसाला सोनं घेता येत नव्हतं. ती बंदी ३१ डिसेंबर १९७४ ला उठली. म्हणजे दुसऱ्या दिवशी १९७५ उजाडलं आणि एका श्रीमंत देशातला सगळा मध्यमवर्ग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अशा सोन्याचं गिऱ्हाईक झाला. त्या एकाच वर्षाच्या आसपास कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या छोट्या देशांच्या नावाने शंभर-शंभरची सोन्याची नाणी एवढी का निघाली, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. ही तारीख कळली आणि सगळा उलगडा झाला. तेव्हापासून कुठलंही स्मारक नाणं पाहिलं की मी निमित्त वाचतो, आणि मग त्या वर्षी विकत घेणाऱ्याच्या देशात काय बदललं ते शोधतो. बहुतेक वेळा उत्तर तिथे सापडतं.

किमतीचा भाग जरा सावकाश सांगतो, कारण इथेच लोक अडकतात. बाल्बोआ आणि डॉलर बरोबरीचे. म्हणजे नाण्यावर १०० लिहिलंय ते १०० डॉलर. १९७५ मध्ये सोन्याचा सरासरी भाव औंसाला साधारण १६० डॉलर होता. आपल्या नाण्यात सोनं ०.२३६१ औंस (सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा). गुणाकार केला तर येतात सुमारे ३८ डॉलर. तेव्हा ३८ डॉलरच्या धातूवर १०० चा आकडा ठोकला होता. मधला फरक म्हणजे घडणावळ, टपाल, जाहिरात, टाकसाळीचा नफा आणि सरकारचं मानधन. पहिल्या मालकाने हे सगळं भरलं. पुढे २१ जानेवारी १९८० ला सोनं ८५० डॉलरवर गेलं तेव्हा याच नाण्यातला धातू २०० डॉलरचा झाला आणि अशी नाणी पोत्याने वितळली गेली. पहिल्या मालकाने घडणावळ भरली, मला मात्र ती जवळजवळ फुकट मिळाली. म्हणूनच हा व्यवहार मला एवढा आवडतो. एका उत्तम डायचं काम मला सोन्याच्या वजनावर सहा टक्क्यांत मिळालंय.

दर्शनी, म्हणजे नाण्यावर लिहिलेली, किंमत धातूपेक्षा फार वर ठेवली तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण जपानचं. सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये जपानने एक लाख येनचं सोन्याचं नाणं काढलं. वीस ग्रॅम शुद्ध सोनं, संख्या एक कोटी. त्यातला धातू दर्शनी किमतीच्या निम्म्याहूनही कमी. आणि हे खरोखर चलन होतं, बँकेत नेलं तर लाख येन मिळत. मग ज्याच्याकडे सोनं आणि चांगली डाय आहे त्याला तेवढंच, तितक्याच कसाचं सोनं घालून नकली नाणं ठोकणंही परवडणार, हे उघड होतं. १९९० मध्ये तसंच उघडकीस आलं. परदेशातून आलेली एक लाखाहून जास्त नकली नाणी सापडली. डायमेकर म्हणून ही बातमी मी कितीतरी वेळा मनात घोळवली आहे. एवढ्या नाण्यांना डायचे किती जोड लागले असतील, कुणी घासले असतील, आणि त्या हातांनी तेच कौशल्य दुसरीकडे वापरलं असतं तर!

आकडा वाचून सोनं किती आहे ते कळत नाही, हे शिकण्यासाठी सगळ्यात चांगली जोडी कॅनडाची. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकसाठी कॅनडाने १०० डॉलरचं सोन्याचं नाणं दोन प्रकारांत काढलं. चित्र तेच, वर्ष तेच, आकडा तोच. एक १४ कॅरेटचं, २७ मिलिमीटर व्यासाचं, १३.३४ ग्रॅम. दुसरं २२ कॅरेटचं, २५ मिलिमीटरचं, १६.९७ ग्रॅम. पहिल्यात पाव औंस सोनं, दुसऱ्यात अर्धा. म्हणजे दिसायला जे मोठं, त्यात सोनं निम्मं. एका मित्राकडे दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. तळहातावर घेतलं की लहान नाणं जड लागतं आणि तो फरक बोटांना लगेच कळतो. मोठ्याच्या कडेने ठिपक्यांची माळ आहे, लहानाला ती नाही. फोटो पाहून घेत असाल तर त्या ठिपक्यांकडे लक्ष ठेवा. विकणाऱ्याने नुसतं ऑलिंपिक शंभर डॉलर असं लिहिलं असेल तर वजन विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

याच काळातली बार्बाडोस आणि बेलिझची १०० डॉलरची नाणीही हातात घेतली. दोन्ही ६.२१ ग्रॅम आणि कस ५००. अर्धंच सोनं, म्हणजे ३.१ ग्रॅम. पनामाच्या १०० मध्ये ७.३४, यांच्या १०० मध्ये ३.१. काम वाईट नाही. बार्बाडोसवरचं ऑलिव्ह ब्लॉसम जहाज, १९७५ चं, मला तर आवडलं. पण शोकेसमध्ये पनामाच्या नाण्याशेजारी ठेवून एकाच भावाने विकतात तेव्हा राग येतो. पाचशे कसाचं नाणं विकायला गेलात की गाळणारा कटकट करतो, त्याचीही तयारी ठेवावी लागते.

आता दुसरं नाणं. या अनुभवासाठीच खरं तर लिहायला बसलो.

चार वर्षांपूर्वी टपालाने एक रंगीत पत्रक आलं. चोवीस कॅरेट शुद्ध सोनं, सरकारी, कायदेशीर चलन, जगभरात मोजकीच नाणी, आणि पहिलं नाणं सवलतीत. पॅसिफिकमधल्या एका बेट-राष्ट्राचं नाव होतं. फोटोतलं नाणं तळहाताएवढं. मी मागवलं. वजन पत्रकात होतं, पण मागच्या पानावर, सगळ्यात खाली, राखाडी अक्षरांत: अर्धा ग्रॅम. मी ते वाचलं होतं. फोटो डोळ्यांसमोर असल्यामुळे अर्धा ग्रॅम म्हणजे केवढं याचा विचार केला नाही. मी, ज्याने आयुष्यभर ड्रॉइंगवरची मापं वाचून पोट भरलं.

डबी आली ती मखमली, वहीएवढी. आत प्रमाणपत्र हाताच्या पंजापेक्षा मोठं. आणि मधोमध प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमध्ये शर्टाच्या बटणाएवढी एक सोनेरी टिकली. व्यास ११ मिलिमीटर. सोन्याची घनता १९.३ धरून मी जाडी काढली: सरासरी पाव मिलिमीटरच्या थोडी वर. पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपास. एवढ्या पातळ चकतीवर दोन्ही बाजूंनी ठसा उठवायचा तर उठावाला खोली उरतेच किती? भिंगाखाली पाहिलं तर चित्र म्हणजे पृष्ठभागावर लेझरने ओढल्यासारख्या रेघा. दुधीपणा होता, पण तो सगळीकडे सारखा, यंत्राने मारलेला. डायला हात लागल्याची एकही खूण सापडली नाही. मी याला वाईट काम म्हणणार नाही. त्या वजनात त्याहून वेगळं करताच येत नाही. वजनच चुकीचं निवडलंय.

आणि मग मी ते बाहेर काढलं. प्लॅस्टिकची टोकं असलेला चिमटा, खाली मऊ कापड, सगळी काळजी घेऊन. काट्यावर ठेवायला उचललं तेव्हा चिमट्याच्या दाबाने ते वाकलं. आवाज नाही, काही नाही. कागदाची कड दुमडावी तसं एका बाजूला वर झालं. शुद्ध सोनं इतकं मऊ असतं हे मला माहीत होतं, त्यातून पाव मिलिमीटर जाडी. जुने लोक नाण्याच्या सोन्यात तांबं घालायचे ते काटकसर म्हणून नव्हे, नाणं हातात टिकावं म्हणून. पत्रकात चोवीस कॅरेट हा मोठेपणा म्हणून छापलं होतं. नाण्याच्या बाबतीत तोच त्याचा कमकुवतपणा.

काट्याने ०.५० दाखवलं. वजनात खोट नव्हती, हे नमूद करतो. पण त्या दिवशीच्या भावाने हिशोब केला तेव्हा पहिल्या नाण्याची सवलतीतली किंमतही धातूच्या दुपटीला जात होती. महिन्याने दुसरं नाणं आपोआप आलं, सोबत बिल, आणि ते धातूच्या साडेतीन पट. पहिलं नाणं घेतलं म्हणजे पुढच्या अकरा नाण्यांची वर्गणी मान्य केली, असं त्याच राखाडी अक्षरांत होतं. दुसरं न उघडता परत पाठवलं, वर्गणी बंद करायला दोन पत्रं आणि पाच फोन लागले. फोनवरची मुलगी दर वेळी नम्रपणे बोलत होती. तिसऱ्या फोनला तिने मला सांगितलं की नाण्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे किंमत वाढणारच. मी तिला विचारलं, याच देशाच्या नावाने या वर्षात एकूण किती वेगवेगळी नाणी निघाली? तिला माहीत नव्हतं आणि तिचा त्यात दोष नाही. एका चित्राची संख्या मर्यादित असते हे खरं असेल. पण चित्रांच्या संख्येला मर्यादा नसेल तर त्या मर्यादेचा मला काय उपयोग?

वाकलेलं नाणं विकायला नेलं तेव्हा त्याचं फक्त वजन झालं, तेही थोडी घट धरून. मी विकलं नाही. परत आणून ठेवलं.

हे वाचून कुणी म्हणेल की छोट्या देशांनी नाव भाड्याने द्यावंच कशाला. मला तसं वाटत नाही. ज्या देशाकडे विकायला नारळ, मासे आणि टपालाची तिकिटं, त्याने नाण्यातून चार पैसे कमावले तर त्यात गैर काय? टोंगाचंच बघा. राणी सालोटे यांच्या काळात, १९६२ मध्ये, टोंगाने स्वतःची सोन्याची नाणी काढली. नाव कौला. टोंगन भाषेत कौला म्हणजेच सोनं. पुढच्या वर्षी त्या नाण्यांच्या स्मरणार्थ सोनेरी वर्खाची गोल तिकिटं काढली आणि जगभरच्या संग्राहकांनी ती उचलली. एका लहान बेट-राष्ट्रातल्या लोकांनी हे ठरवून केलं, धिटाईने केलं. एक कौला ३२.५ ग्रॅमचं, २२ कॅरेट, पाव कौलासुद्धा आठ ग्रॅमच्या वर. घेणाऱ्याच्या हातात धातू पडत होता. किंवा तुवालू. १९७८ मध्ये स्वतंत्र झाला, पण नाणी १९७६ पासूनच. त्यात ५० डॉलरचं सोन्याचं, १५.९८ ग्रॅम, बरोबर ब्रिटिश सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्याच्या दुपटीचं. झेंड्याआधी नाणं आलं, आणि तेही वजनदार. देश लहान असला म्हणून नाणं अर्ध्या ग्रॅमचंच असावं असं कुठे आहे?

या सगळ्या प्रकारातलं सर्वोत्तम म्हणून मी एकच मालिका दाखवेन. १९७४ पासून वन्यजीव संवर्धनासाठी वेगवेगळ्या देशांच्या नावाने निघालेली. ब्रिटनच्या रॉयल मिंटने ठोकलेली, वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाला मदत म्हणून. प्रत्येक देशाची दोन चांदीची आणि एक सोन्याचं. सोन्याचं ३३.४३७ ग्रॅम, कस ९००. इंडोनेशियाचं कोमोडो ड्रॅगन, पाकिस्तानचं मारखोर, कोस्टा रिकाचा मुंगीखाऊ, टांझानियाचा चित्ता. ही नाणीही परदेशी संग्राहकांसाठीच होती, त्यात लपवाछपवी नव्हती. पण प्रत्येक देशाने स्वतःच्या जंगलातलं जनावर दिलं.

नेपाळचं १००० रुपयांचं, १९७४ चं, एकशिंगी गेंड्याचं, मी एका ज्येष्ठ संग्राहकांकडे पाहिलं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "डोळे मिटून घ्या आधी." तीस ग्रॅमच्या वर शुद्ध सोनं तळहातावर कसं बसतं ते डोळे मिटल्यावरच कळतं, हात नकळत खाली जातो. मग भिंग लावलं. गेंड्याच्या कातडीच्या घड्या. ढालीसारख्या त्या घड्या एकमेकींवर येतात तिथली खाच डायमध्ये उलटी, म्हणजे उंचवटा म्हणून करावी लागते, आणि तिला धार ठेवूनही ती ठोकताना तुटता कामा नये. ते इथे साधलंय. मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे, त्यांनी दिवा लावला तेव्हा भानावर आलो. ते विकणार नाहीत, आणि मला परवडणारही नाही. पण पाहायला मिळालं.

घेताना मी काय करतो ते सांगतो. वजन आणि कस यांचा गुणाकार करून शुद्ध ग्रॅम काढतो आणि मगच किंमत ऐकतो. प्रमाणपत्राला, डबीला, चलन या शब्दाला शून्य किंमत देतो. युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशात व्हॅटमधून सूट मिळणारं गुंतवणुकीचं सोन्याचं नाणं ओळखायच्या अटी घातल्यात. कस ९०० किंवा वर, १८०० नंतर ठोकलेलं, मूळ देशात चलन म्हणून मान्य किंवा पूर्वी मान्य असलेलं, आणि किंमत सहसा त्यातल्या सोन्याच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त वर न जाणारी. तुम्ही जगात कुठेही राहत असलात तरी ही कसोटी लावून बघा. पनामाचं ९०० कसाचं नाणं तिच्यातून पार होतं, ५०० कसाची पहिल्याच अटीला गळतात. माझी अर्ध्या ग्रॅमची टिकली कसात पास, किंमतीत नापास.

जपायला मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकची पाकिटं नकोत. त्यातून काही वर्षांनी चिकट हिरवट थर सुटतो आणि मिश्रधातूतल्या तांब्याला धरतो. कडक कॅप्सूल घ्यावी, व्यासाला नेमकी, नाहीतर नाणं आत हलून कड घासते. हाताळायचं तर फक्त कडेने.

पनामाचं १०० बाल्बोआ पुन्हा पुन्हा विकायला येतं, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. १९७५ चं प्रूफ, सील फुटलेलं, ठिपका असेल तरी चालेल, आरशावर मोठा ओरखडा नको, आणि धातूच्या वर दहा टक्क्यांपर्यंत: घ्या. सील शाबूत असेल तर पंधरापर्यंत जायला हरकत नाही. त्याच्या वर मागत असतील तर पुढच्याची वाट पाहा. माझं मी खिडकीच्या खणात ठेवलंय, भिंगाशेजारी. वाकलेली टिकलीही त्याच खणात आहे, तिच्या कॅप्सूलवर मी पेनाने वजन लिहून ठेवलंय, पत्रकाच्या पहिल्या पानावर छापायला हवं होतं तेवढ्या मोठ्या अक्षरांत.